चांगल्या रस्त्यावर थर आणि फुटका रस्ता तसाच: यामागे काही शास्त्र आहे का?

पायवाट

नमस्कार मंडळी. रस्ते आणि पुलांच्या वार्षिक कामांची यादी ज्या बैठकीत ठरते, तिथे यंदा नागरिकांच्या बाजूने बसायची संधी मला मिळाली आहे. मी भूगोल शिकवते, अभियांत्रिकीशी संबंध नाही. पण यादी हातात आली तेव्हा ती नुसती वाचून सोडली नाही. त्यातले बरेचसे रस्ते पायी फिरून पाहिले, आणि एक गोष्ट काही केल्या पटेना.

पहिल्याच पानावर जो रस्ता आहे त्याला खड्डा म्हणून नाही. काळा रंग जाऊन राखाडी झालाय, मधल्या सांध्यावर एक बारीक भेग लांबपर्यंत गेली आहे, कडेला थोडी खडी सुटली आहे. एवढंच. त्यावर नवा पातळ थर टाकणार आहेत. दुसरीकडे एका रस्त्याची अक्षरशः चाळण झाली आहे आणि त्याच्यापुढे लिहिलंय, ‘तात्पुरती दुरुस्ती, पुनर्बांधणी पुढील टप्प्यात’. शिवाय एका पुलाचे सांधे बदलायला आणि पाणी जाण्याचे पाइप साफ करायला वेगळी रक्कम ठेवली आहे. तो पूल मला तरी ठणठणीत दिसला.

बैठकीत विरोध नोंदवायचा विचार आहे. त्याआधी समजून घ्यायचंय की चांगल्यावर आधी खर्च करण्यामागे खरंच काही तर्क असतो का. जाणकारांनी सांगावं.

रानवारा

तर्क वगैरे काही नसतो. पातळ थराचं काम पटकन उरकतं, फोटो चांगले येतात, वर्षाचा निधी वर्षात संपतो. फुटक्या रस्त्यावरून रोज माणसं घसरून पडतात, आधी त्यांचा विचार व्हायला हवा. बिनधास्त विरोध नोंदवा.

खांबतपासणी

पायवाट ताई, विरोध करण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत. रस्ते आणि पूल तपासणं हेच माझं आयुष्यभराचं काम आहे. तुम्ही सांगितलेली यादी मला वरवर तरी योग्य वाटते. ती का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी तो राखाडी रस्ता. डांबर उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू कडक होतं. नवं असताना ते चाकाखाली किंचित वाकतं आणि परत जागेवर येतं. कडक झालं की वाकायच्या ऐवजी तडकतं. रंग उडणं हे त्याचं पहिलं लक्षण, खडी सुटणं दुसरं, भेग तिसरं. भेग पडली की पाणी आत शिरतं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. खालचा खडीचा थर कोरडा असेपर्यंत खडी एकमेकींत घट्ट अडकून भार पेलते. तो ओला झाला की ती पकड सैल होते. वरून जड चाक गेलं की आतलं पाणी दाबलं जाऊन बारीक माती घेऊन भेगेतून वर उसळतं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर जाऊन बघा. भेगेच्या दोन्ही काठांना मातकट, फिकट पिवळसर डाग वाळलेले दिसले, तर खालची माती बाहेर यायला लागली आहे असं समजा. वरून रस्ता सपाट दिसेल, पण तो आतून पोकळ होत असतो.

याच्या पुढचा टप्पा म्हणजे चाकांच्या मार्गात जाळीदार भेगा. मग एखादा तुकडा निघतो आणि आपल्याला ‘खड्डा पडला’ असं वाटतं. खड्डा ही सुरुवात नसते, तोवर सगळं घडून गेलेलं असतं. घराचं एक फुटलेलं कौल वेळेत बदललं नाही तर पुढे वासे बदलावे लागतात, तसंच हे आहे.

तुमचा पहिल्या पानावरचा रस्ता नेमका कौल बदलण्याच्या वेळेला आला आहे. त्यावर बहुधा मायक्रोसर्फेसिंग (डांबराचं पातळ मिश्रण आणि बारीक खडी यांचा थर) किंवा तत्सम काही टाकणार असतील. त्याची जाडी साधारण ६ ते १० मिलिमीटर. या थराने रस्त्याची ताकद वाढत नाही. तो पाणी अडवतो, डांबराचं उन्हापासून रक्षण करतो आणि टायरला पकड देतो. म्हणूनच तो खालून धडधाकट असलेल्या रस्त्यावरच टाकायचा असतो. हाच थर चाळण झालेल्या रस्त्यावर अंथरला तर खालच्या भेगा थोड्याच काळात वर उमटतात आणि पैसे वाया जातात. असा प्रकार दिसला तर तिथे मात्र जरूर विरोध करा.

आता पैशांचं गणित. आकडे समजण्यापुरते धरतो, प्रत्येक ठिकाणी ते वेगळे असतात. समजा एकूण १,००० किलोमीटर रस्ते आहेत. एक वर्ष गेलं की प्रत्येक किलोमीटरचं एक वर्ष आयुष्य संपतं, म्हणजे दरवर्षी १,००० ‘किलोमीटर-वर्षं’ खर्ची पडतात. तेवढी परत भरली नाहीत तर एकूण जाळं म्हातारं होत जाणार, मग एखादा रस्ता कितीही गुळगुळीत करा. समजा पुनर्बांधणीला किलोमीटरमागे १० भाग खर्च येतो आणि २० वर्षं मिळतात. डांबरी काँक्रीटच्या जाड थराला ४ भाग लागतात आणि १० वर्षं मिळतात. पातळ थराला १ भाग लागतो आणि ६ वर्षं मिळतात. हातात एकूण ३०० भाग आहेत.

सगळे पैसे सर्वांत वाईट रस्त्यांवर घातले तर ३० किलोमीटर नवे होतील आणि ६०० किलोमीटर-वर्षं मिळतील. म्हणजे त्या वर्षी ४०० चा तोटा. त्याऐवजी १० किलोमीटरची पुनर्बांधणी, २० किलोमीटरला जाड थर आणि १२० किलोमीटरला पातळ थर केला, तर २०० अधिक २०० अधिक ७२०, असे १,१२० मिळतात. खर्च तोच, ३०० भाग. पहिल्या पद्धतीत दरवर्षी नव्याने फुटणाऱ्या रस्त्यांची रांग वाढत जाते, दुसरीत ती हळूहळू कमी होते. आमच्या क्षेत्रात ‘सर्वांत वाईट आधी’ या पद्धतीला म्हणूनच विरोध होतो. ऐकायला ती न्यायाची वाटते, पण तिच्यामुळे आज चांगले असलेले रस्ते उद्या वाईटाच्या यादीत जातात.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने १९८० च्या सुमारास सगळ्या राज्य महामार्गांसाठी अशी पद्धत बसवली. रस्त्याची आजची अवस्था काय, कोणतं काम केलं तर पुढच्या वर्षी तो कुठल्या अवस्थेत असण्याची शक्यता किती, हे मांडून त्यांनी कामांचा क्रम ठरवला आणि पहिल्याच वर्षी सुमारे १.४ कोटी डॉलर वाचवले.

रानवारा

गणित समजलं. पण मग ज्यांच्या वाट्याला फुटका रस्ता आलाय त्यांनी काय करायचं? तुमच्या हिशोबात ते कायम शेवटीच राहणार. माणसं आकड्यांवरून गाडी चालवत नाहीत.

खांबतपासणी

रानवारा, हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्यातले बरेच लोक तो टाळतात. मी टाळणार नाही. नुसतं किलोमीटर-वर्षांवर चाललं तर शेवटच्या रस्त्याचा नंबर कधीच येत नाही. म्हणून वरच्या उदाहरणातसुद्धा मी १० किलोमीटर पुनर्बांधणीला ठेवले. तो वाटा आधीच बाजूला काढून कुलूपबंद करायचा आणि त्यातले रस्ते कोण वापरतं यावर निवडायचे. बस कुठून जाते, रुग्णवाहिका कुठून जाते, शाळेतली मुलं कुठे चालतात. नुसती रहदारी मोजली तर गरिबांचे, आडवाटेचे रस्ते दर वेळी मागे पडतात. हा अन्याय गणितातून आपोआप दिसत नाही, तो माणसांनीच बघावा लागतो.

दुसरं, वाट पाहणाऱ्या रस्त्यावर माणूस पडू नये ही जबाबदारी त्याच वर्षाची आहे. ‘तात्पुरती दुरुस्ती’ म्हणून खड्ड्यात खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटलं, ही दुरुस्ती नव्हे. खड्डा चौकोनी कापायचा, उभ्या कडा घट्ट डांबरापर्यंत न्यायच्या, आतलं सुटं आणि ओलं सगळं काढायचं, तळाला आणि कडांना डांबराचा हात मारायचा आणि माल थराथराने कुटायचा. शेजारची साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर ती तासायची, नाहीतर पाणी रस्त्यावरच थांबतं. असा भरलेला खड्डा टिकतो. आणि ‘पुढील टप्पा’ म्हणजे कोणतं वर्ष, ते यादीत लिहून घ्या. तारखेशिवायचा टप्पा मला मान्य नाही.

चाकधर

मी मालवाहतुकीत आहे. रस्ते खराब झाले की बोट आमच्याकडेच दाखवतात. एका ट्रकने खरंच एवढा फरक पडतो का?

खांबतपासणी

पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बंद फेऱ्यांचे चाचणी-रस्ते बांधले आणि १९५८ ते १९६० या काळात त्यांवर चाचणी घेतली. सैनिक चालक त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक जवळजवळ अहोरात्र फिरवत होते. प्रत्येक मार्गिकेवरून अकरा लाखांहून जास्त वेळा आस (चाकांना जोडणारा दांडा, अ‍ॅक्सल) गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, आसावरचा भार वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट तर नुकसान सोळापट. अर्ध्या टनाच्या आसाची मोटार आणि दहा टनांच्या आसाचा ट्रक यांच्यात भाराचा फरक वीसपट आहे, नुकसानीचा फरक एक लाख साठ हजार पट होतो. रस्त्याच्या रचनेप्रमाणे तो घात कमीजास्त होतो, पण दिशा पक्की आहे.

तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. मर्यादेपेक्षा २० टक्के जास्त माल भरला की त्या आसाचं नुकसान दुपटीहून थोडं जास्त होतं. आणि उलटही खरं आहे. तोच माल एक आस वाढवून वाटून नेला तर रस्त्याचं नुकसान खूप घटतं. म्हणजे दोष ट्रकचा नाही, आसावरच्या भाराचा आहे. नियमात माल भरणारा चालक रस्ता वाचवतोच, आणि जास्त भरणाऱ्याशी त्याला दराची स्पर्धा करावी लागते, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. वजनकाटे चालू असणं हीसुद्धा रस्त्याची देखभालच आहे.

पायवाट

रस्त्यांचं पटलं. पावसानंतर ते मातकट डाग मी नक्की शोधणार आहे. पण पुलाचं काय? सांधे आणि पाइप ही कामं मला किरकोळ वाटली होती.

खांबतपासणी

ताई, यादीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम मला तेच वाटतं. खराब रस्ता आपल्याला रोज हादरे देऊन सांगत असतो. पूल वरून सांगत नाही. तो बघायला खाली उतरावं लागतं.

पुलाच्या दोन भागांमध्ये जो सांधा असतो, एक्सपान्शन जॉइंट, तो उन्हाने लांबणाऱ्या आणि थंडीने आखडणाऱ्या पुलाला जागा देतो. त्यातलं रबर फाटलं की वरचं सगळं पाणी, माती, रस्त्यावरची घाण थेट गर्डरच्या (पूल पेलणाऱ्या तुळईच्या) टोकांवर आणि त्याखालच्या बेअरिंगवर (तुळई ज्यावर टेकते त्या आधारावर) पडते. टेकूच्या भिंतीच्या वरच्या कट्ट्यावर चढून मी पाहतो तेव्हा अनेकदा तिथे चांगला मातीचा ढीग साचलेला असतो, त्यात गवत उगवलेलं, कबुतरांची विष्ठा, आणि त्याखाली कुठेतरी बेअरिंग. बेअरिंगचं काम आहे सरकणं. चिखलात रुतलं, गंजलं, की ते सरकत नाही. मग पूल जिथे सरकायला हवा तिथे कट्ट्याचं काँक्रीट फोडून जागा करून घेतो. फावडं, झाडू आणि पाण्याचा पाइप घेऊन दोन माणसांनी वर्षातून एकदा तो कट्टा साफ केला तर यातलं बरंच टळतं. मोठ्या रकमेच्या कामांपुढे हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

काँक्रीटच्या आतली सळई का गंजते तेही सांगतो. चांगलं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (pH) १३ च्या आसपास. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत सामू ९ च्या खाली आणतो, किंवा समुद्राचे, मिठाचे क्षार पाण्याबरोबर पोहोचतात, आणि तो पापुद्रा मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. ती जागा मिळवायला तो काँक्रीटचं आवरण आतून ढकलून सोडवतो. डोळ्यांना दिसायच्या आधी हे कानाला कळतं. हातोडीने ठोकत गेलं तर शाबूत काँक्रीट खणखणीत वाजतं आणि सुटलेल्या भागावर आवाज एकदम बद्द येतो. आम्ही खडूने त्या भागाभोवती रेघ मारतो आणि तारीख लिहितो. पुढच्या तपासणीला ती रेघ किती बाहेर गेली यावरून दुरुस्ती आत्ता की नंतर हे ठरतं. महागड्या यंत्रांनी जे कळतं त्याची किंमत मी कमी करत नाही, पण आधी हातोडी आणि खडू.

पाइपांबद्दल एक ताजा दाखला. अमेरिकेत पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ ला पहाटेच्या सुमारास कोसळला, त्यावर एक प्रवासी बस होती. सुदैवाने कोणी दगावलं नाही. तो ज्या पोलादाचा होता त्याच्यावर गंजाचाच एक संरक्षक थर बसतो, मात्र पोलाद भिजून पुन्हा कोरडं होत राहिलं तरच. तुंबलेल्या निचऱ्यामुळे पाणी आणि कचरा पुलाच्या तिरप्या पायांवर साचून राहिला आणि पोलाद खात गेला. तपासणी अहवालांत दुरुस्तीची शिफारस वारंवार केलेली होती. अहवाल होते, काम झालं नाही. म्हणून पाइप साफ करायची रक्कम यादीत दिसली की मला हायसं वाटतं.

पाणी वरून येतं तसं खालूनही. ५ एप्रिल १९८७ ला न्यूयॉर्क राज्यात पुराच्या पाण्याने स्कोहारी क्रीकवरच्या पुलाच्या एका खांबाच्या पायाखालची माती खरवडून नेली आणि पूल कोसळला, १० जण गेले. पायाभोवती संरक्षणासाठी टाकलेले मोठे दगड वाहून गेले होते आणि त्यांची भर पुरेशी ठेवली नव्हती. वर पूल शाबूत, खाली पाया उघडा. यानंतर तिथे पाण्याखालच्या तपासणीचा नियम आला. नियमित तपासणीचा मूळ नियमही एका दुर्घटनेतूनच आला होता. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला आणि ४६ माणसं गेली. साखळीतल्या एका पोलादी दुव्याला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग होती. प्रत्येक कडीत दोनच दुवे, एक तुटल्यावर दुसऱ्याला भार पेलवला नाही. त्यातून १९७१ मध्ये देशभरासाठी तपासणीचे नियम झाले, साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी.

आणि जपानचा अकाशी काइक्यो पूल बघा, १९९८ मध्ये खुला झाला. त्याच्या मुख्य केबलमध्ये कोरडी हवा सोडायची सोय पहिल्या दिवसापासून आहे, कारण आर्द्रता पुरेशी खाली ठेवली की पोलाद गंजत नाही. ज्यांनी एवढा प्रचंड पूल बांधला त्यांनी त्याची देखभालही त्याच आराखड्यात काढली, ही गोष्ट मला पुलाच्या लांबीपेक्षा मोठी वाटते.

जमाखर्च

लेखापरीक्षणाच्या बाजूने थोडी भर घालते. आपण रस्ता बांधतो तेव्हा खर्च दिसतो, पण नंतर त्याची किंमत घटते ती कुठल्याच वहीत दिसत नाही. म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली की कागदावर बचत झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते न लिहिलेलं कर्ज असतं. अमेरिकेत १९९९ मध्ये सरकारी हिशोबाचा ३४ क्रमांकाचा नियम आला, त्याने स्थानिक सरकारांना रस्ते-पूल मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवायला लावले. दोन वाटा दिल्या. एक तर दरवर्षी घसारा लावा, नाहीतर किमान दर तीन वर्षांनी अवस्था मोजा, किती अवस्था टिकवणार ते आधी जाहीर करा, आणि टिकवायला लागणारा अंदाजित खर्च व प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी दाखवा. ही दुसरी वाट मला फार आवडते. त्या दोन रकान्यांमधला फरक कोणालाही वाचता येतो, त्यासाठी अभियंता असावं लागत नाही.

पायवाट, तुमच्या बैठकीत मालमत्तेची नोंदवही आहे का ते पहिल्यांदा विचारा. प्रत्येक रस्ता कोणत्या साली बांधला, त्यावर शेवटचा थर कधी पडला, प्रत्येक पुलाची शेवटची तपासणी कधी झाली. हे नसेल तर कुठलाही क्रम हा अंदाजच आहे, मग तो चांगल्यावर आधी असो की वाईटावर.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. विरोधाचा कागद बाजूला ठेवला आहे. नोंदवही मागते, फुटक्या रस्त्यापुढे वर्ष लिहून घेते, आणि पुनर्बांधणीचा वाटा वेगळा ठेवायला सांगते. आणखी काही विचारायचं राहिलंय का?

खांबतपासणी

दोन गोष्टी. रस्त्यांच्या यादीत प्रत्येकापुढे अवस्थेचा गुणांक आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी ० ते १०० ची पट्टी वापरतात, १०० म्हणजे नवा रस्ता. गुणांक असेल तर तो कोणत्या वर्षी मोजलेला आहे तेही विचारा. चार वर्षांपूर्वी ८० असलेला रस्ता आज पातळ थराच्या लायक असेलच असं नाही. त्या राखाडी रस्त्याबाबत मी हे नक्की विचारेन, कारण तुम्ही म्हणता ती मधली भेग आधी भरून मगच वर थर टाकायला हवा, आणि तसं काम अंदाजपत्रकात धरलंय का ते एका ओळीत कळेल.

पुलाच्या मागच्या दोन तपासणी अहवालांतली शिफारशींची पानं मागा. जी शिफारस दोन्हींत सारख्याच शब्दांत आली असेल तिच्यावर खूण करा आणि तीच बैठकीत आधी वाचा. पूल बघायला जाणार असाल तर पाऊस चालू असताना खालून बघा. कोणता सांधा गळतो आणि पाणी पाइपातून न जाता खांबावरून कुठे उतरतं, ते तेव्हाच दिसतं.